मदत हवी आहे: एफवाय बीएस्सीला ओपन इलेक्टिव्ह आपल्याच शाखेचा भरला गेला, आता बदलता येईल का?

कपाशीवाला

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मोठी पोरगी यंदा बारावी सायन्स झाली. धुळ्याच्या एका कॉलेजात एफवाय बीएस्सीला टाकलं, मेजर रसायनशास्त्र. गाव आमचं शिंदखेडा तालुक्यात. घरात डिग्रीला जाणारी ती पहिलीच. मी आयटीआय, तेही वायरमन, त्यामुळे कॉलेजच्या कागदांतलं मला शून्य कळतं.

फॉर्म नेट कॅफेत भरला. बाहेर रांग, आत एकच पंखा, आणि तो पोरगा सारखा "काका लवकर सांगा, सर्व्हर डाऊन होईल" म्हणायचा. मेजर आणि मायनरपर्यंत पोरीने नीट सांगितलं. पुढे ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी अशी अक्षरं सुरू झाली. तो म्हणे, "हे सगळं कंपल्सरीच असतं, मी टाकतो." टाकलं. प्रिंट दिली, मी घडी घालून पिशवीत ठेवली ती ठेवलीच.

तासिका सुरू झाल्यावर पोरगी मैत्रिणींसोबत बँकेच्या व्यवहाराच्या ओईला, म्हणजे ओपन इलेक्टिव्हला, बसायला लागली, कारण तिला तोच हवा होता. गेल्या आठवड्यात मॅडमनी हजेरी घेतली, यादीत हिचं नाव नाही. ऑफिसात विचारलं तर निघालं की फॉर्मवर औषधी वनस्पतींचा विषय टाकलाय, म्हणजे सायन्सचाच. खिडकीवरचे साहेब एवढंच म्हणाले, "ऑप्शन लॉक झालंय, आता काही होत नाही."

पोरीने दोन दिवस घरी सांगितलंच नाही. परवा जेवताना कळण्याची भाकरी तशीच ताटात ठेवून रडायला लागली, तेव्हा समजलं. माझं एवढंच विचारणं आहे की हे बदलतं का, आणि नाही बदललं तर तिचं वर्ष वाया जाईल का?

तापीकाठ

टेन्शन घेऊ नका भाऊ. दोन-चार क्रेडिटचा विषय तो, काय फरक पडतो? जो आलाय तोच करून टाका. आमच्या वेळी एवढे विषयच नव्हते.

आवक_जावक

कपाशीवाला भाऊ, मी कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आधी तापीकाठ यांना सांगतो: फरक पडतो. ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या शाखेबाहेरचाच घ्यायचा, ही सक्तीची अट आहे. नव्या शैक्षणिक धोरणासाठी राज्याने काढलेल्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातच आहे ती. बीएस्सीवाल्याने वाणिज्य किंवा मानव्य शाखेचा घ्यायचा, बीएवाल्याने सायन्सचा किंवा वाणिज्यचा. त्यामुळे मुलीचा आत्ताचा विषय नावडता आहे एवढाच प्रश्न नाही, तो नियमातच बसत नाही. आणि तुमच्या बाजूने हाच मोठा मुद्दा आहे! खिडकीवर जाऊन "आवडत नाही म्हणून बदलून द्या" म्हणालात तर कोणी उठणार नाही. "नियमबाह्य निवड झाली आहे, दुरुस्ती करून द्यावी" असं लेखी दिलंत तर त्यांना उठावं लागतं.

आता अक्षरं. मेजर म्हणजे मुख्य विषय. मायनर जोडविषय, तो त्याच शाखेतला चालतो, दुसऱ्या शाखेतलाही चालतो. ओई शाखेबाहेरचा. व्हीएससी आणि एसईसी हाताला कौशल्य देणारे. एईसी म्हणजे भाषा, व्हीईसी म्हणजे पर्यावरण, संविधान असलं मूल्यशिक्षण. याशिवाय भारतीय ज्ञानप्रणाली आणि एनएसएस, खेळ वगैरे. हे सगळं मिळून एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट भरायला हवेत, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३० तास. कॅफेवाल्याने यातलं "कंपल्सरी" तेवढं बरोबर सांगितलं. कप्पा सक्तीचा असतो, कप्प्यातला विषय आपण निवडायचा असतो, हे त्याने गिळलं.

अर्ज प्राचार्यांच्या नावाने करा. सही मुलीची, तुमची नको, विद्यार्थी ती आहे. सोबत ती पिशवीतली प्रिंट जोडा आणि बँकेच्या विषयाच्या मॅडमकडून "वर्गात जागा आहे, हरकत नाही" असं दोन ओळींत लिहून घ्या. अर्जाची झेरॉक्स न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या काळात तोंडी आलेल्या तक्रारी मी स्वतः विसरलोय, खोटं कशाला बोलू. शिक्का मारलेला कागद मात्र फायलीत जातो आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं.

घाई कशाची करायची तेही सांगतो. परीक्षा फॉर्म सुटला की विषय या निवडीतूनच उचलले जातात. तोवर दुरुस्ती झाली नाही तर हॉल तिकिटावर वनस्पतींचा पेपर येईल, मुलगी बँकेचा अभ्यास करून बसेल, आणि निकालात गैरहजर लागेल. वर्ष त्यानेही जात नाही, पण एटीकेटीचा डाग पहिल्याच सेमिस्टरला कशाला?

एसवाय_नंदुरबार

काका, मी आत्ता दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या संलग्न कॉलेजांना हे नवं धोरण २०२४-२५ पासून लागू झालं, आमची बॅच पहिली, त्यामुळे सगळे प्रयोग आमच्यावरच झाले 🙂 माझंही सेम झालं होतं. विद्यार्थ्याच्या लॉगिनला लॉक दिसतं, पण कॉलेजच्या लॉगिनमधून दुरुस्ती झाली होती माझी. "होत नाही" म्हणजे बऱ्याचदा "आज होत नाही" असतं.

तिला सांगा, दुरुस्ती होईपर्यंत बँकेच्या तासाला बसत राहा आणि मॅडमना रोज वेगळ्या कागदावर हजेरी मांडायला सांग. मी ते केलं नव्हतं, नंतर ७५ टक्के भरताना जीव गेला.

केळीचं_पान

रावेरहून. माझा सल्ला वेगळा आहे. एवढी कटकट असेल तर प्रवेश रद्द करून जवळच्या कॉलेजात टाका ना. रोज धुळे कशाला?

आवक_जावक

एका विषयासाठी प्रवेश रद्द करणं म्हणजे उवांसाठी डोकं भादरणं. शिवाय यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) फी परताव्याचा तक्ता बघा. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत रद्द केलं तर ८० टक्के परत, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यापुढे काही नाही. तासिका सुरू होऊन हजेऱ्या लागायला लागल्या, म्हणजे आता हिशेब तोट्याचाच निघणार.

कपाशीवाला

सगळ्यांचे आभार. जवळचं कॉलेज बघितलं होतं, पण आमच्याकडून हायवेची एसटी थेट धुळ्याला जाते, तालुक्याला जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. नकाशावर जवळ आणि गाडीला लांब, असं आहे.

आवक-जावक साहेब, अर्ज लिहिला. पण अजून एक लचांड. ऑफिसात म्हणाले, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) नाही म्हणून फॉर्मच अर्धवट दिसतोय, तो आणा मग दुरुस्तीचं बघू. डिजिलॉकर उघडायला गेलो तर ओटीपी आधारच्या मोबाईलवर. पोरीच्या आधारला माझ्या धाकट्या भावाचा नंबर, तो सुरतेला उधन्याला मिलमध्ये. पाळीत फोन बाहेर जमा. तो सुटतो रात्री आठला, आम्ही कॅफेत सकाळी अकराला. काल रात्री त्याने ओटीपी सांगितला तेव्हा इकडे लाईट गेलेली. वायरमनच्या घरी! हसा आता.

एसवाय_नंदुरबार

हसलो काका, माफ करा 😄 कॅफे कशाला, मोबाईलवरच होतं. तिच्या सुरतच्या काकांची पाळी सुटली की दोघं फोनवर राहा, त्यांनी आकडे वाचायचे, तिने टाकायचे. ओटीपी थोडाच वेळ चालतो, म्हणून आधी सगळं भरून ठेवा. आयडी १२ आकडी येतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि आधारवरचं नाव बारावीच्या मार्कशीटशी जुळतंय का बघा. माझ्या आधारवर पाटीलच्या स्पेलिंगमध्ये एक ए जास्त होता, त्यापायी आठवडा गेला.

आवक_जावक

आजचं काम भावाच्या नंबरवर उरका, पण नंबर मात्र बदलून घ्या. मुलीने स्वतः आधार केंद्रात जाऊन बोटं दिली की तो बदलून मिळतो, कागद काही लागत नाही. पुढे शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरही ओटीपी लागणार आहे, दरवेळी सुरतेची पाळी सुटायची वाट बघाल का?

बारावीची मूळ मार्कशीट ऑफिसने ठेवून घेतली असेल तर तीही याच फेरीत परत मागा. पडताळणी झाल्यावर मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवता येत नाही, यूजीसीचंच म्हणणं आहे ते. शाळा सोडल्याच्या दाखल्याबद्दलही त्यांचं तेच म्हणणं आहे.

कपाशीवाला

पुढे काय झालं ते कळवावं म्हणून लिहितोय. काल सोमवारी पोरगी आणि मी दोघं गेलो. एबीसी आयडी रविवारी रात्री सव्वाआठला निघाला, नाव जुळलं. अर्ज दिला. खिडकीवरचे साहेब आधी "ठेवा इथे" म्हणाले. मी काही बोलायच्या आत पोरगीच म्हणाली, "सर, झेरॉक्सवर आवक नंबर द्या." त्यांनी वर बघितलं, ड्रॉवर उघडला, शिक्का मारला.

मार्कशीट परत मिळाली. मॅडमनी हजेरीच्या यादीत खाली पेनाने तिचं नाव लिहिलं, सत्त्याहत्तर नंबर. पोर्टलवर अजून वनस्पतीच दिसतात, आठ दिवसांनी या म्हणालेत. कपाशीला खत द्यायचं राहिलंय, पण पुढच्या सोमवारी परत जातोय.