गणेशखिंडीतली तीन माणसं

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांवरच्या तुमच्या लेखात त्यांच्या पदव्या आणि पुरस्कारांबद्दल सविस्तर लिहिलंत, ते योग्यच. पण पुणेकर म्हणून मला आठवतात ती त्यांची पोस्टकार्डं. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी सहीनिशी उत्तर देईन. आणि खरंच द्यायचे! गणेशखिंडीत आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी करणाऱ्या माणसाने शाळकरी पोरांसाठी एवढा वेळ काढावा, याचं मला फार अप्रूप आहे. मे २०२५ मध्ये सर गेले.

मंगलाताई त्यांच्या आधी, जुलै २०२३ मध्ये गेल्या. त्यांची ओळख 'नारळीकरांच्या पत्नी' अशी करून देतात तेव्हा वाईट वाटतं. त्या स्वतः गणितज्ञ होत्या. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष असताना, २०१९ मध्ये 'एकवीस, बावीस'बरोबर 'वीस एक, वीस दोन' असंही शिकवण्याच्या संख्यावाचनावरून केवढी टीका झाली! लहान मुलांना अंक लिहिताना सोपं जावं एवढाच त्यामागचा हेतू होता आणि तो त्या शांतपणे समजावून सांगत राहिल्या.

२०२० मध्ये गेलेल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचंही नाव इथे हवं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. अँटेनांच्या तबकड्या भरीव पत्र्याऐवजी तारांच्या जाळीच्या केल्यामुळे खर्च खूप कमी झाला. विज्ञान दिनाला तिथे आजूबाजूच्या शाळांची झुंबड उडते.

नारळीकर सरांच्या उत्तराची पोस्टकार्डं कुणी जपून ठेवली असतील, तर त्यातले प्रश्न तरी जरूर सांगा.