सॅल्मोनेला आत लपायच्या आधीच टीएचपी-१ पेशी मरतायत, काय चुकतंय?

रंकाळा_बायो: शिवाजी विद्यापीठ, एमएस्सी प्रकल्प. टीएचपी-१ ला (माणसाच्या पांढऱ्या पेशींची लॅबमध्ये वाढवलेली जात) पीएमए (त्यांना भक्षक पेशी बनवणारं रसायन) १०० नॅनोग्रॅम/मिली, २४ तास, आणि लगेच सॅल्मोनेला टायफिम्युरियम. कल्चर ओडी ०.८ (गढूळपणावरून मोजलेली वाढ), एमओआय २० (दर पेशीमागे २० जिवाणू), जेंटामायसिन (पेशीबाहेरचे जिवाणू मारणारं प्रतिजैविक) १०० मायक्रोग्रॅम/मिली. दोन तासांत एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) ६० टक्के, आतले सीएफयू (जिवंत जिवाणूंची मोजणी) जवळपास शून्य. हा जिवाणू पेशीमृत्यू टाळतो म्हणतात, मग हे काय?

पेट्रीडिश: गोम ओडी ०.८ मध्येच आहे. जोमात वाढणाऱ्या कल्चरमध्ये एसपीआय-१ ची सुई (पेशीत प्रथिनं टोचणारी) आणि फ्लॅजेलिन (जिवाणूच्या शेपटीचं प्रथिन) दोन्ही चालू असतात. ते पेशीद्रवात गळलं की पेशीचं एनएआयपी हे संवेदक प्रथिन पकडतं, मग साखळीनं एनएलआरसी४, कॅस्पेज-१ (कापणारं एन्झाइम), गॅस्डर्मिन डी (कापल्यावर भोकं पाडणारं प्रथिन) आणि शेवटी पटलाला भोकं. टाळाटाळ सुरू होते ती पेशीतल्या पुटिकेत (पटलाच्या पिशवीत) स्थिरावल्यावर: फ्लॅजेलिन बंद, एसपीआय-२ (पुटिकेत तग धरायची दुसरी सुई) चालू.

रात्रभर वाढलेलं कल्चर घ्या, १० टक्के मानवी सीरममध्ये ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. एमओआय १०, पाच मिनिटं हलकं सेंट्रिफ्यूज, अर्धा तास संपर्क, धुणं. जेंटामायसिन १०० एक तास, पुढे १०-२०. पीएमए काढल्यावर २४ तास साध्या माध्यमात विश्रांती द्याच, नाहीतर पेशी आधीच चिडलेल्या असतात.

आणि सीएफयू शून्य म्हणजे पेशींनी जिवाणू मारले असं लिहू नका. त्या भोकांतून जेंटामायसिन आत जातं, मारतं ते.

एलपीएस_वाला: वरचं बरोबर, पण भावा, नुसत्या एलडीएचवर निष्कर्ष काढू नकोस. एफबीएसमध्येही (माध्यमातलं वासराचं सीरम) एलडीएच असतं. नुसत्या माध्यमाचं, संसर्ग न दिलेल्या पेशींचं आणि ट्रायटन या डिटर्जंटने पूर्ण फोडलेल्यांचं, तिन्ही रीडिंग हवीत.

शिवाय एलडीएच कमी म्हणजे कॅस्पेज थांबलं असं नाही. शिगेलाचं (आमांशाचा जिवाणू) ओएसपीसी३ हे प्रथिन थेट कॅस्पेज-४ (जिवाणूच्या आवरणातलं एलपीएस ओळखणारा कॅस्पेज-१ चा भाऊ) निकामी करतं. क्षयाच्या जिवाणूचं पीटीपीबी हे प्रथिन मात्र पटलातल्या फॉस्फोइनोसिटाइड या लिपिडचं फॉस्फेट काढतं; गॅस्डर्मिन कापलं जातं, पण पटलावर बसत नाही. म्हणजे ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार दाखवणारी चाचणी) कापलेल्या तुकड्याचा ३१ केडीएचा पट्टा दिसेल आणि एलडीएच शांत. म्हणून गॅस्डर्मिनचा ब्लॉट आणि आयएल-१ बीटाची (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) एलायझा चाचणी जोडीनं करा. ब्लॉटला वरचं माध्यमही घ्या, फुटलेल्या पेशींची प्रथिनं तिथंच सापडतात.

पेशी कुठल्या हेही बघा. शिगेलाचं आयपीएएच७.८ माणसाचं गॅस्डर्मिन डी नष्ट करतं, उंदराचं नाही.

रंकाळा_बायो: समजलं. आपल्याकडे म्हशी आहेत, तर पुढे ब्रुसेला (जनावरांतून माणसाला लागणारा जिवाणू) घेता येईल का?

पेट्रीडिश: साध्या लॅबमध्ये अजिबात नाही. हवेतून लागतो, बीएसएल-३ (कडक सुरक्षेची लॅब) लागतं. वासरांना देतात ती एस-१९ लससुद्धा जिवंत असते, टोचताना सुई हाताला लागली तर माणसाला संसर्ग होतो. आजारी म्हशीच्या कच्च्या दुधातूनही होतो, हे दूध कट्ट्यावर धारोष्ण पिणाऱ्यांना कोण सांगणार.

ब्रुसेलाचा लपण्याचा प्रकार मात्र भारी: लिपिड ए च्या (एलपीएसचा पटलात रुतलेला भाग) शेपट्या लांब, त्यामुळे टीएलआर४ ला (एलपीएस ओळखणारा पेशीचा संवेदक) ते नीट ओळखता येत नाही, आणि त्याचं बीटीपीए हे प्रथिन टीआयआरएपीचा (टीएलआर४ चा निरोप्या) निकाल लावतं.

तुम्ही सॅल्मोनेलाच ठेवा. जमलं तर सिफए (पुटिका टिकवणारं प्रथिन) नसलेला म्युटंट सोबत घाला. त्याची पुटिका टिकत नाही, एलपीएस पेशीद्रवात उघडं पडतं आणि कॅस्पेज-४ जागं होतं. मूळ स्ट्रेन काय लपवत होता ते शेजारच्या वेलमध्येच (प्लेटच्या खळग्यात) दिसेल.