दम परत आला, टाच मागे राहिली: तेरा वर्षांनी दहा किलोमीटरच्या शर्यतीकडे वळताना मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे वय ४७. मी कोल्हापूरचा, लक्ष्मीपुरीतल्या एका धान्याच्या पेढीवर हिशेबाचे काम पाहतो. तिशीत असताना रस्त्यावरच्या पाच आणि दहा किलोमीटरच्या शर्यती मी नेमाने पळत असे आणि दहा किलोमीटरची माझी सर्वांत चांगली वेळ ४३ मिनिटे १० सेकंद होती. नंतर वडिलांच्या आजारपणात सराव सुटला तो सुटलाच. मध्ये तेरा वर्षे गेली. त्यांपैकी दीड वर्ष आजारपणाचे, बाकीची साडेअकरा माझ्या आळसाची.

गेल्या दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात केली. त्याआधी कार्डिओग्राम आणि पट्ट्यावरची स्ट्रेस टेस्ट करून घेतली आणि दोन्हींत काही दोष निघाला नाही, त्यामुळे हृदयाची काळजी करणारे सल्ले कृपया वगळावेत. पहिले दीड महिने दोन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे एवढेच केले, जानेवारीअखेर न थांबता पाच किलोमीटर जमू लागले आणि मार्चमध्ये आठपर्यंत पोचलो. एप्रिलमध्ये एका पहाटे स्वतःचीच परीक्षा घ्यावी म्हणून पाच किलोमीटर मन लावून पळालो, तेव्हा २७ मिनिटे ४० सेकंद लागले आणि घड्याळाने शेवटच्या किलोमीटरला नाडी १७१ दाखवली. २२० वजा वय या जुन्या हिशेबाने माझी कमाल नाडी १७३ येते आणि २०८ मधून वयाचे सात दशांश वजा करण्याच्या सूत्राने १७५, म्हणजे मी हातचे राखून पळालो नव्हतो. तरीही घरी येईपर्यंत श्वास पूर्ववत झाला होता आणि दुपारी पेढीवर बसलो तेव्हा थकवाही जाणवला नाही.

माझी चूक इथेच झाली. दम लवकर परत आला म्हणून पायही परत आले असे मी गृहीत धरले. आता वाचनातून कळते की रक्तातील द्रवाचे प्रमाण आणि हृदयाची क्षमता काही आठवड्यांत सुधारू लागते, पण पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड शिरेला (रक्तवाहिनी नव्हे, डॉक्टर जिला अकिलिस टेंडन म्हणतात ती) रक्तपुरवठा मुळातच कमी असल्याने तिला कणखर व्हायला कित्येक महिने लागतात. त्यातून तिशीत पळत असताना माझे वजन ६१ किलो होते, आज ७४ आहे, आणि धावताना त्या शिरेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो, हे वेगळे सांगायला नको. (रविवारचा तांबडा-पांढरा सोडा, असे कोणी लिहिणार असेल तर तो सल्ला मला ठाऊक आहे आणि तो मी पाळणार नाही.)

त्या चाचणीच्या पुढच्याच आठवड्यात मी जुन्या वहीतला सराव जसाच्या तसा काढला: ४०० मीटर वेगात, मध्ये दीड मिनिट संथ, असे आठ वेळा. सहाव्या फेरीत डाव्या टाचेच्या वर, बुटाची कड जिथे लागते तिथून दोन बोटे वर, कोणीतरी दोरी ओढल्यासारखे वाटले. दुखत नव्हते, म्हणून उरलेल्या दोन फेऱ्याही पूर्ण केल्या. दुसऱ्या दिवशी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि मोरीपर्यंतची वीस पावले मला भिंत धरून, टाच न टेकवता चालावी लागली. त्यानंतर ती शीर मोकळी झाली आणि दिवसभर काहीच जाणवले नाही. तेव्हापासून हा रोजचा क्रम झाला आहे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती शीर धरली तर एका जागी चिंचोक्याएवढा फुगीर भाग लागतो आणि तिथेच दाबल्यावर कळ येते.

एका डॉक्टरांनी पाय दोन मिनिटे पाहून ‘या वयात शर्यती कशाला, चालायला जा’ असे सांगितले. दुसरीकडे एका फिजिओथेरपिस्टने मात्र व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, दोन्ही पायांवर वर जायचे आणि फक्त डाव्या पायावर टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. पंधराचे तीन संच गुडघा ताठ ठेवून, तीन संच गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. स्वीडनमधील हाकन अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत ती हीच. माझा पाचवा आठवडा चालू आहे. सकाळची ती वीस पावले आता आठ-दहांवर आली आहेत, फुगीरपणा मात्र तसाच आहे.

आता माझ्या मुख्य अडचणीकडे येतो. हे बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत वेगाचा सराव पूर्ण बंद ठेवावा, की आठवड्यातून एकदा थोडा वेग राखावा? सध्या मी आठवड्यातून चार दिवस, किलोमीटरला पावणेसात मिनिटे अशा गतीने, गप्पा मारता येतील इतपत सावकाश पळतो आणि त्याने दुसऱ्या दिवशीचा ताठरपणा वाढत नाही. परंतु या गतीने पळून शर्यतीचा वेग येत नाही हेही मला कळते. शेवटी ८० ते १०० मीटरच्या चार-पाच सैल, लांब ढांगांच्या धावा घेतल्या तर शिरेला तितकासा धक्का बसत नसावा असा माझा अंदाज आहे, पण माझ्या अंदाजाने एकदा काय केले ते वर लिहिलेच आहे. ज्यांनी चाळिशीनंतर या दुखण्यातून जाऊन प्रत्यक्ष शर्यत पळाली आहे, त्यांनी पहिला वेगाचा सराव कितव्या आठवड्यात आणि किती घेतला ते आकड्यांसह सांगावे.

दुसरी शंका रस्त्याची आहे. मी रोज रंकाळ्याला एकाच दिशेने फेरी घालतो, तळे डाव्या हाताला आणि मी रस्त्याच्या डाव्या कडेला. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणजे गेले सात महिने माझा डावा पाय उजव्यापेक्षा खालच्या पातळीवर पडत आला आहे. दुखणे डाव्याच पायाला होण्याचे हे कारण असू शकते का? दिशा बदलून पाहिली असती, पण पहाटे साडेपाचनंतर तिथे चौघे-चौघे हातात हात घालून फिरायला येतात आणि समोरून पळत येणाऱ्याला वाट देणे हे कोल्हापुरी स्वभावात बसत नाही. ‘भावा, एवढी घाई असेल तर रिक्षा कर की,’ असे मला एका आजोबांनी ऐकवले आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात गर्दी कमी असते, पण तिथले चढ या टाचेला सध्या सोसत नाहीत. शहरात सलग एक किलोमीटर सपाट, पहाटे रहदारी नसलेला आणि पावसाळ्यातही खड्ड्यांवाचून टिकणारा रस्ता कोणाला माहीत असेल तर जरूर कळवावे, कारण पाऊस तोंडावर आला आहे.

बुटांविषयी थोडक्यात. मी पळणे सोडले तेव्हा पातळ तळव्याचे बूट चांगले मानत. आता जाड फोम आणि आत कार्बनची पट्टी, आणि रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळव्याच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घालण्यापर्यंत गोष्ट गेली आहे. टाच चवड्यापेक्षा जितकी उंच तितका शिरेवरचा ताण कमी, एवढे समजल्यामुळे मी सध्या टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटर उंच असलेले साधे बूट वापरतो. कार्बन पट्टीचे बूट अशा दुखऱ्या शिरेला त्रासाचे ठरतात का, याचा अनुभव कोणाला आहे का?

जानेवारीतली एखादी शर्यत मनात आहे. पेढीवरचा तरुण सहकारी म्हणतो की थेट दहा किलोमीटरला नाव द्या, मला मात्र आधी पाच किलोमीटरची एखादी शर्यत २६ मिनिटांत पळून मग पुढचे ठरवावे असे वाटते. जुन्या ४३ मिनिटांची आशा मी सोडली आहे, निदान घरात तसे सांगितले आहे. दहा किलोमीटर ५२ मिनिटांत, हे सात महिन्यांत आणि या टाचेसह शक्य कोटीतले आहे का?