मदत हवी आहे: कुळकायदा कलम ४३ चा आज लागू असलेला अधिकृत मजकूर कुठे मिळेल?

बांधकरी

जमीन भोर तालुक्यात (जि. पुणे). सातबाऱ्यावर इतर हक्कात 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा आहे. कुळाने जमीन खरेदी केल्याला चाळीस वर्षे उलटून गेली आहेत. विक्रीला प्रांतांची परवानगी लागते की नजराणा (शासनाला भरायची रक्कम) भरून भागते, यावर विचारू तिथे वेगळे उत्तर मिळते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या कायद्याच्या दोन पीडीएफ हाताशी आहेत. एकीत चाळीस पट नजराण्याचा उल्लेख आहे, दुसरीत नाही, आणि तारीख एकीवरही नाही. कोणाचे मत नको, मूळ मजकूर हवा आहे. तो कुठे बघायचा, अद्ययावत आहे हे कसे ओळखायचे आणि कार्यालयात कोणती प्रत जोडायची?

भाग_चार_ब

आधी नावाचा गुंता सोडवा, बहुतेकांचा शोध तिथेच अडतो. हा कायदा मुळात 'मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८'. राज्याच्या २०१२ च्या अधिनियम क्रमांक २४ ने अनेक जुन्या कायद्यांच्या नावांतले 'मुंबई' काढून 'महाराष्ट्र' केले, त्यात हाही आला. त्यामुळे जुने निकाल, फेरफार आणि पुस्तके एका नावाने, तर नवे कागद दुसऱ्या. नावावर विसंबू नका. कायद्याची खरी ओळख म्हणजे वर्ष आणि क्रमांक: १९४८ चा मुंबई ६७.

केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' संकेतस्थळावर (इंडियाकोड डॉट एनआयसी डॉट इन) जा. राज्यांचे कायदे, मग महाराष्ट्र निवडा आणि अधिनियम क्रमांक व वर्ष टाका. जुन्या कायद्यांचे क्रमांक कधी रोमन अंकांत असतात, म्हणून क्रमांकाने काही आले नाही तर इंग्रजीत नुसता 'टेनन्सी' शब्द टाकून यादी चाळा. पूर्ण नाव टाईप करू नका, एका अक्षराच्या फरकाने निकाल शून्य येतो. कायद्याच्या पानावर कलमवार मजकूर असतो, शिवाय नियम, अधिसूचना, परिपत्रके यांची वेगळी दालने असतात. दालन रिकामे दिसले म्हणजे नियमच नाहीत असे समजू नका. तिथे कोणी चढवलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या कामाचे नियम १९५६ चे आहेत. कलम ४३ खालची परवानगी कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या अटींवर द्यायची, ते नियम २५अ मध्ये आहे.

प्रत अद्ययावत आहे का, हे तळटीपा सांगतात. 'अमुक अधिनियमाच्या कलम तमुक अन्वये समाविष्ट', 'ऐवजी दाखल', 'वगळण्यात आले' अशा त्या टिपा असतात. तुमच्या दोन्ही पीडीएफमध्ये कलम ४३ च्या पोटकलम (१) खालचे परंतुक, म्हणजे 'परंतु' ने सुरू होणारा अपवादाचा भाग, शोधा. त्याच्या तळटीपेत २०१४ चा महाराष्ट्र १ असायला हवा. परंतुकच नसेल तर ती प्रत २०१४ पूर्वीची, ती बाजूला ठेवा.

आता त्या परंतुकाचे शब्द नीट वाचा. त्या पोटकलमात सांगितलेल्या कलमांखाली झालेल्या खरेदीच्या किंवा विक्रीच्या दिनांकापासून दहा वर्षे झाली असतील तर पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र चार अटी आहेत: विक्रीपूर्वी जमीन महसुलाच्या आकारणीच्या चाळीस पट नजराणा, खरेदीदार शेतकरी असणे, त्याची जमीन कमाल धारणा मर्यादेच्या आत राहणे आणि तुकडेबंदी कायद्याचा भंग न होणे. चाळीस पट ही आकारणीची आहे, बाजारभावाची नाही. सातबाऱ्यावर आकार ३ रु. २५ पैसे असेल तर नजराणा १३० रुपये. दोन वेगवेगळी उत्तरे मिळण्याचे मोठे कारण म्हणजे नवीन शर्तीच्या, भोगवटादार वर्ग २ च्या इतर जमिनींचा नजराणा यात मिसळला जातो. तो विषय जमीन महसूल संहितेचा आणि त्या त्या वाटपाच्या अटींचा आहे, इथे आणू नका.

जुनी_फाईल

वरच्या प्रतिसादात एक भर. इंडिया कोडवरची प्रत वाचायला उत्तम, पण ती संकलित प्रत आहे. मजकुरावरून वाद झाला तर अखेरचा शब्द राजपत्राचा. महाराष्ट्र शासन राजपत्र हे शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाच्या ई-राजपत्र संकेतस्थळावर मिळते. शोधताना भाग माहीत हवा. विधानमंडळाचे अधिनियम आणि राज्यपालांचे अध्यादेश भाग चारमध्ये, राज्याच्या कायद्यांखालचे नियम भाग चार-ब मध्ये, इंग्रजी अनुवाद भाग आठमध्ये. असे अंक बहुधा 'असाधारण' असतात, साप्ताहिक अंकांत शोधून हाती काही लागत नाही.

जुन्या मराठी अंकांत शब्दशोध चालत नाही. काही पाने नुसती स्कॅन केलेली असतात, काही युनिकोडपूर्व फॉन्टमधली, त्यामुळे 'कुळवहिवाट' टाकले तरी काही सापडत नाही आणि मजकूर कॉपी केला तर भलतीच अक्षरे उमटतात. तारखेची मर्यादा लावून अंक एकेक उघडा, किंवा आधी इंग्रजी अनुवादात जागा शोधून मग मराठी पान काढा.

अधिनियमाचे पहिले कलमही नक्की वाचा. 'शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल' असे वाक्य असेल तर कायदा मंजूर झाला म्हणून लागू झाला असे होत नाही. ती अधिसूचना वेगळी शोधावी लागते.

रेणापूरकर

आमची जमीन लातूर जिल्ह्यात आहे. हेच कलम ४३ बघायचे का?

भाग_चार_ब

नाही. मराठवाड्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे, त्यात तुमच्या कामाचे कलम ५०ब. विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात कलम ५७. २०१४ ची सुधारणा तिन्ही कायद्यांत झाली, म्हणून लोक सरसकट 'कलम ४३' म्हणतात. पण अर्जात चुकीचे कलम लिहिले की अर्ज परत यायला तेवढे निमित्त पुरते. कलमाचा क्रमांक आपल्या भागाच्या कायद्यातूनच घ्या.

बांधकरी

कलम ४३ चे परंतुक सापडले, तळटीपही जुळली. पण एका कार्यालयात 'कायदा दाखवू नका, जीआर आणा' असे सांगितले. जीआर नसेल तर?

आवक_जावक

शासन निर्णय हा कायद्यापेक्षा वरचा नाही. अधिनियम विधानमंडळाचा, नियम त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारातले, आणि शासन निर्णय व परिपत्रके या प्रशासनाच्या अंतर्गत सूचना. कलमाने जे थेट दिले आहे, त्यासाठी जीआर असलाच पाहिजे असे नाही. तरी शोधून ठेवा, काम सोपे होते. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर 'महसूल व वन विभाग' निवडा, तारखा घाला, शोधशब्द एकच ठेवा. निर्णयाच्या शेवटी अठरा अंकी संकेतांक छापलेला असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कोणी जीआरचा फोटो पाठवला तर हा संकेतांक टाकून मूळ प्रत उतरवून घ्या. संकेतांक आणि वर छापलेली तारीख यांत मोठी तफावत दिसली तर प्रत तपासल्याशिवाय वापरू नका. परिपत्रके आणि अधिसूचना सगळ्याच तिथे येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

तरीही तोंडीच अडवणूक होत असेल तर माहितीचा अधिकार वापरा. राज्याच्या नियमांप्रमाणे शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयावर आणि शक्यतो १५० शब्दांत. 'कलम ४३ मला लागू होते का?' असे विचारू नका, मत देणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम नाही. असे लिहा: 'कुळवहिवाट अधिनियम, १९४८ च्या कलम ४३(१) च्या परंतुकाखाली नजराणा भरून घेण्यासाठी आपल्या कार्यालयात सध्या वापरात असलेल्या शासन निर्णय, परिपत्रके व सूचना यांच्या प्रती द्याव्यात.' काम करताना वापरले जाणारे नियम आणि सूचना स्वतःहून प्रसिद्ध करणे हे कलम ४(१)(ख) खाली कार्यालयाचे कर्तव्यच आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आले तर पहिले अपील, त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

जुनी_फाईल

जोडायच्या प्रतीबद्दल राहिले. व्हॉट्सॲपची पीडीएफ किंवा खासगी प्रकाशनाची झेरॉक्स जोडू नका. २०१४ च्या सुधारणा अधिनियमाचा राजपत्राचा अंक उतरवा आणि पहिले पान (अंकाचे नाव, भाग, तारीख असलेले) व कलमाचे पान दोन्ही छापा. नुसते कलमाचे पान दिले तर ते कशातले आहे हेच कळत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ मुळे इलेक्ट्रॉनिक राजपत्रातले प्रकाशन छापील राजपत्राइतकेच ग्राह्य आहे, म्हणून 'छापील अंकच आणा' हा आग्रह टिकत नाही. छापील प्रत हवीच असेल तर मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात चौकशी करा. पुण्यात फोटोझिंको मुद्रणालयाजवळही विक्री केंद्र आहे. जाताना वर्ष, भाग आणि तारीख कागदावर लिहून न्या, काउंटरवर कलम सांगून अंक सापडत नाही.