पहिलीसाठी शाळा: लांबची सीबीएसई की घराजवळची?

पाथर्डीफाटा_आई:
मुलगी नोव्हेंबरात सहा पूर्ण करेल, म्हणजे येत्या जूनला पहिली. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. दोन शाळांवर येऊन अडकलोय. एक सीबीएसई, पार गंगापूर रोडच्या पुढे. फी ९५ हजार, बसचे वेगळे, आणि बस सकाळी पावणेसातला. एसी वर्ग, स्विमिंग पूल, सगळं चकाचक. दुसरी स्टेट बोर्डाची इंग्लिश मीडियम, चालत दहा मिनिटं, फी ३८ हजार, इमारत जुनी. ह्यांना बोर्ड महत्त्वाचं वाटतं, सासूबाईंना पोरीची झोप. सीबीएसईवाल्यांनी आम्हा तिघांना 'इंटरॅक्शन'ला बोलावलंय. काय बघून ठरवू?

सिडकोकर:
डोळे झाकून सीबीएसई घ्या. नीट, जेईई सगळं एनसीईआरटीच्या पुस्तकांवर असतं, सीबीएसईला तीच पुस्तकं.

ऑफिसवाली_मावशी:
सिडकोकर, पोरगी अजून सहाची नाही हो! नीटला बारा वर्षं आहेत, आणि अकरावीला बोर्ड बदलणारी मुलं ढिगाने असतात.

ताई, मी बरीच वर्षं एका खासगी शाळेच्या ऑफिसात प्रवेश आणि फी बघायचे. पालक यायचे, पूल बघायचे, फॉर्म भरायचे. पहिली-दुसरीला बाई किती वर्षं टिकतात, हे क्वचितच कोणी विचारायचं. मी मात्र तेच आधी विचारेन. पगार कमी असला की बाई दिवाळीत सोडून जातात, नव्या येतात, आणि पोरांना वाचायला शिकवायचं अर्धवट राहतं. हे ऑफिसात नका विचारू, तिथे गोड उत्तर मिळेल. शाळा सुटताना गेटवर उभ्या आयांना विचारा: 'यंदा वर्गशिक्षिका किती बदलल्या?' दुसरी-तिसरीतल्या कुणाची वही मिळाली तर चाळा. फळ्यावरचं उतरवून घेतलंय की पोराने स्वतःची दोन वाक्यं लिहिलीत, आणि चुका कोणी तपासल्यात का, बघा.

कागदपत्रं बघायचीच. सीबीएसई शाळेच्या वेबसाइटवर 'मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर' नावाचं पान असावं लागतं: संलग्नता, अग्निसुरक्षा, फी, शिक्षकसंख्या, स्वच्छतागृहं, सगळं तिथे असतं. दुसऱ्या शाळेला मान्यतेचं पत्र आणि यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, विचारा. तो अकरा आकडी असतो, आपल्याकडे २७ ने सुरू होतो.

इंटरॅक्शनचं म्हणाल तर शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १३ प्रमाणे मुलाची किंवा पालकांची चाळणी लावून प्रवेश देता येत नाही. पहिल्यांदा केलं तर २५ हजारांपर्यंत दंड. नाव गोड ठेवलं म्हणून मुलाखत काही बदलत नाही. डोनेशनही त्याच कलमात येतं, मग त्याला 'बिल्डिंग फंड' म्हणा की आणखी काही. भांडायला जा असं नाही म्हणत, पण तिथे तुमच्या पगाराबद्दल विचारायला लागले तर समजून घ्या काय ते.

फी आज ९५ आहे, पुढे किती? २०११ च्या फी कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, त्यातले पालक सोडत काढून निवडतात. त्या समितीतल्या एखाद्या पालकाशी बोला. समितीत कोण आहे हेच कोणाला माहीत नसेल, तर फीवाढ कशी होते ते कळलंच.

पाथर्डीफाटा_आई:
मावशी, गेटवर जायचं डोक्यातच आलं नव्हतं. बसचं काय बघू?

ऑफिसवाली_मावशी:
बसमध्ये बाई मदतनीस रोज असते का ते बघा. आणि सकाळचीच नाही, परतीची वेळ विचारा. शेवटच्या थांब्याची मुलं तीनलासुद्धा घरी पोचतात. पावणेसातची बस म्हणजे सहाला उठवायचं. माझा कल सासूबाईंकडे आहे, पण जवळच्या शाळेत बाई टिकत नसतील तर तीही नको. गेटवर चौकशीला शनिवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी शाळा लवकर सुटते आणि गेटवर फक्त रिक्षावाले काका असतात.