हायरूलची स्थापना एकदाच झाली की दोनदा? (आणि त्या मिठाचं काय करायचं?)

सैंधव_६४ (धागाकर्ता)

परवा रात्री साडेबाराला स्वयंपाक करत होतो. म्हणजे लिंक करत होता, हायरूल नावाच्या राज्याभोवती फिरणाऱ्या झेल्डा या व्हिडिओ गेम मालिकेचा नायक. ब्रेथ ऑफ द वाइल्ड, तबंथाचा बर्फ, तबेल्याबाहेरची कढई. मांसाबरोबर टाकायला रॉक सॉल्ट उचललं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याखालची ओळ नीट वाचली. म्हणे, प्राचीन समुद्रातलं मीठ साकळून झालेले खडे. कुठला समुद्र? कधीचा? झोप गेली ती गेलीच.

ज्यांना झेल्डा फक्त ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी आधी भानगड सांगतो. १९८६ पासून ही मालिका चालू आहे. दर वेळी नवा लिंक, नवी राजकन्या झेल्डा, बहुतेक वेळा तोच राक्षस गॅनॉन (माणसाच्या रूपात गॅनॉन्डॉर्फ). १९९८ च्या ओकारिना ऑफ टाइममध्ये लिंक सात वर्षं पुढे जातो, गॅनॉन्डॉर्फला हरवतो आणि झेल्डा त्याला परत लहानपणात पाठवते. इथे काळाला फाटे फुटले. मोठा लिंक ज्या जगातून निघून गेला तिथे पुढे गॅनॉन उठला, वाचवायला कोणी नाही, देवांनी राज्य बुडवलं. तो विंड वेकर (२००२). छोटा लिंक परतला त्या फाट्यावर ट्वायलाइट प्रिन्सेस (२००६). डिसेंबर २०११ मध्ये जपानात निन्टेंडो कंपनीचं अधिकृत पुस्तक आलं, त्यात तिसरा फाटा निघाला: ओकारिनात लिंक हरलाच तर? जुने गेम सगळे त्या फाट्यावर.

ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) कुठे बसतो? कंपनीने २०१८ मध्ये तो सगळ्यांच्या शेवटी टाकला आणि फाटा सांगितलाच नाही. आणि मग २०२३ चा टिअर्स ऑफ द किंगडम. त्यात झेल्डा भूतकाळात जाऊन पडते आणि तिला भेटतो राऊरू, हायरूलचा पहिला राजा.

माझं म्हणणं सरळ आहे. हा पहिला राजा दुसऱ्या हायरूलचा पहिला. जुनं राज्य कधीतरी पार नामशेष झालं, हजारो वर्षं गेली, मग झोनाई, म्हणजे राऊरूची जमात, आकाशातून उतरले आणि त्याच भूमीवर त्याच नावाने पुन्हा मांडणी झाली. कारण एकच देतो: रीटो, म्हणजे पंखवाली जमात. राऊरूच्या बाजूने लढणाऱ्या ऋषींमध्ये एक रीटो आहे. विंड वेकरमध्ये रीटो हे झोरांचे, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या जमातीचे वंशज. तिथल्या मेडली या रीटो मुलीची पूर्वज लारुटो ही झोरा. समुद्र आला, मग पंख आले. मग राऊरू पहिल्याच हायरूलचा असेल तर महापुराच्या कितीतरी आधी, ओकारिनाच्याही आधी, रीटो कुठून येणार? नातू आजीच्या लग्नाला कसा जाईल?

बोला.

पहिला_राजा

नातू आणि आजी झकास. पण तुम्ही दोन वेगळ्या घरांतली माणसं एका वंशावळीत कोंबताय.

विंड वेकरचे रीटो आठवा. माणसाचा चेहरा, त्यावर चोच, उडायचं तेव्हा हातांचे पंख. ब्रेथमधले रीटो म्हणजे अंगभर पिसांचा अख्खा पक्षी. नाव एक म्हणून जात एक? आपल्याकडे पाटील आडनावाची माणसं गावोगाव आहेत, सगळी एकमेकांची चुलत भावंडं नाहीत.

दुसरं. ‘पहिला राजा’ हे शब्द गेममध्ये आहेत. ‘दुसऱ्यांदा’ हा शब्द कुठे आहे? राऊरूची राणी सोनिया हायलियन, म्हणजे इथल्याच माणसांतली आहे, तिच्याकडे काळाची शक्ती आहे, पुढे राजघराण्यात ती उतरते. कथाक्रमात सगळ्यात आधीचा गेम स्कायवर्ड स्वोर्ड, त्याच्या शेवटी माणसं ढगांतून जमिनीवर उतरली, पण राज्य कोणी स्थापलं ते दाखवलेलं नाही. तिथे एक मोकळी जागा होतीच. राऊरू त्या जागेत नेमका बसतो. त्यासाठी अख्खं राज्य मारून पुन्हा जिवंत करायची गरज काय?

सैंधव_६४

मोकळी जागा आहे, मान्य. पण बसताना किती गोष्टी मोडतात बघा.

टिअर्समध्ये गॅनॉन्डॉर्फ किल्ल्याखाली बंदिस्त आहे, आणि त्या बंधनावरच किल्ला उभा आहे. आता ओकारिना आठवा. गॅनॉन्डॉर्फने हायरूलचा किल्ला उखडला, त्या जागी स्वतःचा महाल अधांतरी उभा केला, खाली लाव्हाचा खड्डा. तुमच्या हिशोबाने त्या खड्ड्याखाली आणखी एक गॅनॉन्डॉर्फ मुकाट्याने पडून होता. वरचा महाल कोसळला तरी त्याची झोप मोडली नाही?

पहिला_राजा

दोन गॅनॉन्डॉर्फ एका वेळी असायला हरकत काय? गेरुडोंमध्ये, म्हणजे त्याच्या जमातीत, शंभर वर्षांतून एकदा पुरुष जन्मतो हे ओकारिनातच सांगितलंय. हजारो वर्षांत किती झाले मोजा. फोर स्वोर्ड्स ॲडव्हेंचर्समध्ये तर नवा गॅनॉन्डॉर्फ जन्मलेला आहेच. आणि खोलीचं म्हणाल तर टिअर्समधलं पाताळ किती खोल आहे ते तुम्हीही उडी मारून पाहिलंय. लाव्हाचा खड्डा त्यापुढे परसातली विहीर.

डिस्कसिस्टिमवाला

तरुण मंडळींनो, भांडा, मजा येतेय. पण मी हा खेळ फार वर्षं बघतोय म्हणून मध्ये तोंड घालतो.

१९९८ मध्ये ओकारिना आला तेव्हा मियामोतोंनी एका मुलाखतीत क्रम सांगितला होता: आधी ओकारिना, मग १९८६ चा पहिला झेल्डा, मग दुसरा, आणि शेवटी अ लिंक टू द पास्ट. गंमत अशी की अ लिंक टू द पास्टच्या खोक्यावर छापलं होतं की ही आधीच्या लिंक-झेल्डांच्या पूर्वजांची गोष्ट. म्हणजे ज्याने मालिका जन्माला घातली त्याच्या तोंडचा क्रम आणि त्याच्याच कंपनीचा पुठ्ठा, दोघांचं पटत नव्हतं. मग २०११ च्या पुस्तकाने तिसराच क्रम लावला. त्या पुस्तकात लिंक्स अवेकनिंग हा गेम ओरॅकल नावाच्या दोन गेमांच्या नंतर होता, २०१८ च्या यादीत तो आधी सरकला. कोणी हूं की चूं केलं नाही.

पुस्तकातही स्वच्छ लिहिलंय की हे सध्या खरं मानलं जाणारं तेवढं गोळा केलंय, आणि सांगणारे बदलले की इतिहासही बदलतो. वकिलाने कराराच्या तळाशी बारीक अक्षरात लिहावं तसं.

आधी खेळायला काय मजा येईल ते ठरतं, मग गोष्ट, आणि काळाचा क्रम कोणीतरी विचारलं की. तुम्ही पंचांग मांडून बसलाय, तिकडे तिथी ठरवणारेच नाहीत.

धोपटमार्गी

+१. तो ‘लिंक हरला तर’ वाला फाटा तर शुद्ध बदमाशी. माझ्या गेम ओव्हरला इतिहास म्हणायचं? मग जल मंदिरात मी तेहतीस वेळा मेलो त्याचे तेहतीस फाटे काढा.

कीर्तनवेल्हाळ

डिस्कसिस्टिमवाल्यांच्याही एक पाऊल पुढे जातो. मालिकेच्या नावातच ‘लेजंड’ आहे. दंतकथा. एकच आख्यान, सांगणारे वेगळे. वाल्मीकींचं रामायण आणि नाथांचं भावार्थ रामायण शेजारी ठेवून आपण ‘यातली घटना आधीची की नंतरची’ असं विचारतो का? कीर्तनकार पूर्वरंगात काय घेईल, उत्तररंगात कुठलं आख्यान लावेल, ते समोरच्या श्रोत्यांवर. तलवार, मुलगी, मुलगा, डुक्करतोंड्या राक्षस. एवढं ठेवायचं, बाकी मोकळीक. कधी समुद्र, कधी आकाश, कधी आगगाडी.

राऊरू हे नाव ओकारिनात म्हाताऱ्या ऋषीचं होतं, टिअर्समध्ये राजाचं आहे. तोंडी परंपरेत नावं अशीच सरकतात.

सैंधव_६४

@कीर्तनवेल्हाळ, वाचायला गोड आहे, पण ही पळवाट आहे. मेजोराज मास्कच्या सुरुवातीला लिंक जंगलात कोणाला शोधत असतो? ओकारिनाच्या शेवटी सोडून गेलेल्या सोबत्याला. तोच मुलगा, तीच आठवण. फँटम अवरग्लासमध्ये विंड वेकरचीच टेट्रा आहे. स्पिरिट ट्रॅक्समध्ये त्यांनी वसवलेलं राज्य, शंभर एक वर्षांनंतरचं. नुसती आख्यानं असती तर एका कीर्तनात मेलेलं माणूस दुसऱ्यात आठवून कोणी रडलं नसतं.

@डिस्कसिस्टिमवाला, तिथी ठरवणारे नाहीत असं कसं म्हणता? टिअर्सचे दिग्दर्शक फुजिबायाशी यांनी २०२३ मध्येच मुलाखतीत एक शक्यता म्हणून सुचवलं होतं की हायरूलच्या स्थापनेआधीही विनाशाचा इतिहास असू शकतो. शक्यता म्हणूनच, पण माझ्या बाजूची.

पहिला_राजा

शक्यता म्हणून तर मीही लॉटरी जिंकू शकतो.

मीठभाकर

गेममधलं मला फार कळत नाही, लेक खेळते, मी शेजारी बसून भाजी निवडते. पण मिठाबद्दल बोलू का?

आमच्या डब्यात उपासासाठी शेंदेलोण असतं. तुम्ही सैंधव म्हणता तेच. ते मिठागरातलं नव्हे, खाणीतून खणून काढलेलं. पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं मीठ पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं, समुद्र आटला, थर राहिला, वर डोंगर आले. जगातलं बहुतेक सगळं खनिज मीठ असंच झालंय. म्हणजे त्या ओळीत विशेष काही नाही. डब्यावर ‘हळद: हळदीच्या कंदापासून’ लिहावं तसंच आहे ते. त्यावरून कुठलं राज्य कधी बुडालं हे कसं ठरवणार?

धोपटमार्गी

धागाकर्त्याच्या आयडीतच सैंधव आहे आणि त्याला हे माहीत नव्हतं? 😂

सैंधव_६४

मीठभाकर ताई, दंडवत. मिठाचा पुरावा मागे घेतो. निदान अर्धा.

गोडंपाणी

अवांतर: विंड वेकरमध्ये देवांनी राज्य बुडवलं ते आकाशातून धो धो पाऊस पाडून. पावसाचं पाणी गोडं. मग तो समुद्र खारट झाला कसा? मीठ जमिनीतलं असेल तर मीठ आधीचं, समुद्र नंतरचा. सगळं उलटंच झालं की.

पहिला_राजा

गोडंपाणी, तुम्ही माझ्या बाजूने आहात की नुसतेच आहात?

बरं, मीही एक देतो. ब्रेथमध्ये झोरांच्या शिलालेखांत ओकारिनातल्या राजकन्या रुटोचं नाव आहे, ऋषी म्हणून. चार यंत्रप्राण्यांपैकी रुटा तिच्याच नावाचा, रुदानिया हे दारुनियाचं, नाबोरिस हे नाबूरूचं, मेडो हे मेडलीचं. ओकारिना आणि विंड वेकर दोन्ही स्मरणात आहेत. तुमच्या म्हणण्याप्रमाणे मध्ये राज्य पार नामशेष झालं असेल, लिहिणारा-वाचणारा उरला नसेल, तर ही नावं जपली कोणी? सलग इतिहास असल्याशिवाय नावं टिकत नाहीत.

सैंधव_६४

हा मुद्दा जड आहे, दोन दिवस उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच.

माझं उत्तर: राज्य मेलं म्हणजे माणसं मेली असं नाही. राजे जातात, गावं राहतात. झोरा दीर्घायुषी, त्यांनी दगडावर कोरलं. कोरोक, म्हणजे जंगलातले छोटे जीव आहेत, ते तर विंड वेकरचेच. तिथे देकू वृक्ष सांगतो की कोरोकांनी बिया लावाव्यात, जंगलं वाढावीत, बेटं जोडली जावीत. म्हणजे बुडालेल्या जगात पुन्हा जमीन जोडण्याचं काम चालू होतं. ब्रेथमधली भूमी ही त्या बियांचंच फळ असं मला वाटतं. याला पुरावा नाही. वाटतं एवढंच.

आता तुम्ही याचं उत्तर द्या. टिअर्समध्ये झेल्डा भूतकाळात अडकते, ड्रॅगन होते आणि तलवार डोक्यात घेऊन वर्तमानापर्यंत आकाशात फिरत राहते. तुमच्या मते ही स्थापना ओकारिनाच्या आधीची. म्हणजे ओकारिना, ट्वायलाइट प्रिन्सेस, सगळ्या गेमांमध्ये तो उजेडाचा ड्रॅगन डोक्यावर घिरट्या घालत होता. आणि ट्वायलाइट प्रिन्सेसमध्ये लिंक तोफेतून उडून आकाशातल्या शहरात जातो! तिथे त्याला कोंबडीसारखे ऊका दिसतात, ड्रॅगनही दिसतो, पण तो अर्गोरोक. झेल्डा दिसत नाही. तरंगणारी झोनाई बेटंही दिसत नाहीत. कुठे गेली होती सगळी?

पहिला_राजा

ढग.

सैंधव_६४

ढग?!

पहिला_राजा

अहो, टिअर्सच्या सुरुवातीची उलथापालथ होईपर्यंत बेटं ढगांआडच होती ना? मग ड्रॅगनही त्याच्याही वर.

…ठीक आहे. तोफ अडचणीची आहे. ऊका स्वतःच आकाशातून आलेले आणि हायलियनांचे कर्तेकरविते मानले जातात, मग झोनाईही आकाशातून आलेले, एका आभाळात किती जणांना भाड्याने जागा द्यायची हा प्रश्न मलाही पडतो. पण म्हणून दुसरी स्थापना सिद्ध होत नाही. फार तर माझं घर गळकं आहे असं म्हणा. तुमचं तर अजून पायाही खणलेला नाही.

डिस्कसिस्टिमवाला

पुढच्या गेममध्ये तिसरा पहिला राजा येईल तेव्हा मला बोलवा.

मीठभाकर

लेकीला विचारलं, गेममध्ये ते मीठ मिळतं कुठे? म्हणाली, डोंगरात काळे खडक असतात, हातोड्याने फोडायचे, कधी मीठ पडतं, कधी चकमक, कधी हिरा. मग मला वाटलं, तुमच्या विंड वेकरमध्ये डोंगरांचे माथे बेटं म्हणून पाण्याबाहेर राहिले होते ना? मग मीठ तळाशी सापडायला हवं. अगदी माथ्यावर सापडलं तर तो समुद्र पुराचा नव्हे, त्याच्याही आधीचा.

पहिला_राजा

ताई, आजपासून तुम्ही आमच्या पक्षात.

गोडंपाणी

पण खडकातून काय पडेल हे फासे टाकूनच ठरतं. त्यातून भूगर्भशास्त्र काढणार?

सैंधव_६४

काढणार. हेब्रा डोंगराचा माथा, गरम कपडे, तीन हातोडे, मिरच्यांची भाजी पाच वाट्या. निघालोय. मीठ पडलं तर इथेच येऊन कबूल करतो. नाही पडलं तर आणखी वर चढतो, तोवर धागा वाचनमात्र समजा.