चौरंगाच्या कोपऱ्यातली फट आणि डिस्क सँडर

(सोसायटीचा ग्रुप, शनिवार सकाळ)

ए-२०३: नमस्कार मंडळी. खालच्या गॅरेजमध्ये मी पाट, चौरंग, फोटोफ्रेम करते ते बऱ्याच जणांना माहीत आहे. ४५ अंशाचे कोपरे हाताने काचपेपरवर घासून जुळवते, पण कुठेतरी फट राहतेच. आता टेबलावर ठेवायचा डिस्क सँडर, म्हणजे फिरत्या तबकडीवर काचपेपर लावलेलं घासायचं मशीन, घ्यायचा आहे. दुकानात दोन दाखवले. एक जोडमशीन, ६ इंची डिस्क आणि ४ बाय ३६ इंचांचा काचपेपरचा फिरता पट्टा. दुसरा नुसता डिस्क, १२ इंची, १ एचपी, किंमत जवळपास दुप्पट. कोणाला अनुभव आहे का?

सी-५०१: ताई, जोडमशीन घ्या. माझ्याकडे आहे. पट्ट्यावर कडा छान साफ होतात, एका पैशात दोन कामं.

ए-२०३: दुकानदारही तेच म्हणाला. शिवाय जोडमशीनचे आरपीएम (मिनिटाला फेरे) २८५०, मोठ्याचे १४२५ च.

बी-६०४: ताई, थांबा जरा. मी कोल्हापुरात फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवतात तिथे, ३१ वर्षं काढली. सागवानी पॅटर्नला ड्राफ्ट (साच्यातून सहज निघावा म्हणून बाजूंना थोडा उतार) द्यायचा म्हणजे टेबल एक-दीड अंश कलतं करून डिस्कवरच काम. म्हणून सविस्तर लिहितो.

डिस्क समोरून बघितली की तिची एक बाजू खाली येते, दुसरी वर जाते. लाकूड फक्त खाली येणाऱ्या बाजूला धरायचं, म्हणजे ते टेबलावर दाबलं जातं. वर जाणाऱ्या बाजूला नेलं की उचकटतं आणि बोटं डिस्कवर जातात. म्हणजे ६ इंची डिस्कमध्ये तुमच्या उपयोगाचे ३ इंच. त्यातही मध्याजवळ वेग जवळजवळ शून्य, तिथे घासलं जात नाही, लाकूड नुसतं तापतं.

तुमच्या चौरंगाची पट्टी किती रुंद?

ए-२०३: अडीच इंच.

बी-६०४: अडीच इंची पट्टी ४५ ला कापली की तोंड साडेतीन इंचांचं होतं. ते ६ इंचीवर एका दमात बसणारच नाही. सरकवत घासाल, तोंड गोलसर होईल आणि फट तिथेच राहील. ८ इंचीवर कसंबसं बसेल. १० इंची मिळाली तर तुमचं काम झालं, १२ ची गरज नाही.

आरपीएमवर जाऊ नका. १२ इंची डिस्क १४२५ ला फिरली की कडेचा वेग सेकंदाला साधारण २३ मीटर, आणि ६ इंची २८५० ला फिरली तरी तेवढाच. मोठी डिस्क उगाच जोरात फिरवली तर सागवान काळं पडतं.

सी-५०१: काका, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या फ्रेमच्या पट्ट्या इंचभराच्या, म्हणून कधी अडलं नाही.

डी-१०२: भंगार बाजारात जुन्या मोठ्या मशीन स्वस्त मिळतात की.

बी-६०४: मिळतात, पण बहुतेक थ्री फेजच्या. घरच्या लाइनवर तशा चालत नाहीत. १ एचपी सिंगल फेजलासुद्धा १६ अँपिअरचा सॉकेट हवा, सुरू होताना मोटर खूप करंट ओढते.

ताई, दुकानात गुण्या (सुताराचा काटकोन) आणि पेन्सिल घेऊन जा. टेबल आणि डिस्कमध्ये गुण्या लावून उजेडाकडे बघा. पेन्सिल टेबलावर घट्ट धरून टोक डिस्कला टेकवा आणि वायर काढून डिस्क हाताने फिरवा. कुठे टेकतं, कुठे सुटतं, लगेच कळतं. टेबल बिडाचं असेल तर उत्तम. पत्र्याचं असेल आणि हाताने दाबल्यावर लवत असेल तर तसंच परत या.

ए-४०१: डॉक्टर म्हणून सांगते, मशीनइतकाच विचार धुळीचा करा. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, १९९५ मध्येच ते जाहीर केलंय. एन-९५ मास्क हवाच, आणि मशीनच्या तोटीला व्हॅक्यूम जोडलेला हवा. सागवानाच्या धुळीने काहींना त्वचेला खाज सुटते.

बी-६०४: अगदी बरोबर. आमच्या काळी कोणी मास्क लावत नसे. दोन सहकाऱ्यांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. आणखी एक, त्या मशीनवर लोखंड कधीच घासू नका. ठिणगी भुशात पडली तर आतल्या आत धुमसत राहते. हातमोजे नकोत, ओढणी बांधून ठेवा.

सेक्रेटरी: ताई, गॅरेजचं शटर उघडं ठेवून चालवू नका, धूळ गाड्यांवर बसते. दुपारी दोन ते चार बंद ठेवा. आजींचा फोन आधीच आला होता.

ए-२०३: नक्की. सकाळी दहा ते बारा एवढंच चालवेन.

(रविवार संध्याकाळ)

ए-२०३: काका, १० इंची मिळाली. पहिल्या मशीनमध्ये पेन्सिल एका जागी टेकायची, दुसरीकडे चांगली नखभर सुटायची. तिसरी बरोबर निघाली. टेबल बिडाचं. टेबलाच्या कोनाचा काटा ९० वर असूनही गुण्याखाली उजेड दिसत होता, पण बोल्ट सैल करून नीट बसवता आलं. मंगळवारी येतेय. पेपर चिकटवायचा घेऊ का वेल्क्रोचा?

बी-६०४: चिकटवायचा. वेल्क्रोची गादी दबते, कोपऱ्याला धार राहत नाही. सुरुवातीला ८० नंबरचा जाडा पेपर, शेवटचा हात १२० च्या बारीक पेपरवर. घरात जुन्या क्रेप सोलची (कच्च्या रबराच्या तळाची) चप्पल असेल तर टाकू नका, चालत्या डिस्कवर तो सोल धरला की पेपरमध्ये अडकलेलं सागवानाचं तेलकट पीठ निघून येतं. आणि पहिला पेपर लावायच्या आधी मला हाक मारा, हवेचा फुगा आत राहिला तर तिथे लाकडाला खळगा पडतो. मी येतो खाली.